त्याच्या जागी कोण?

मंडळी, आज खेळाबद्दल थोडे बोलायचे आहे. खेळावे कसे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. शाळेत असताना कबड्डीच्या संघात माझी मजल राखीव गड्याच्या पुढे कधी गेली नाही. अंगात संघाची बनियन असायची, पायाला माती मात्र लागायची नाही. सामना संपला की सगळ्यांबरोबर केळी खायची आणि घरी यायचे. तेव्हा आजचा विषयही त्या राखीव गड्याचाच आहे. मैदानातला एक जण काही कारणाने बाहेर आला, तर त्याच्या जागी कोणी यावे, केव्हा यावे, आणि मुळात येऊ द्यावे की नाही? प्रश्न दिसायला किरकोळ. पण हरलेल्या गावात याच एका प्रश्नावरून मध्यरात्रीपर्यंत वाद चाललेले मी पाहिले आहेत.

आमच्या रांजणगावचीच गोष्ट सांगतो. रांजणगाव म्हणजे महागणपतीचे, शिरूर तालुक्यातले, पुण्याहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावरचे. आता तिथे कारखाने आले, दूरदूरची माणसे राहायला आली. पण कबड्डीचा सामना असला की गाव अजून पूर्वीसारखाच गोळा होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पोरांचा असाच एक चुरशीचा सामना होता. मध्यंतर होऊन गेलेले, शेवटची चार-पाच मिनिटे उरलेली, आणि आम्ही दोन गुणांनी पुढे. आमच्यातला एक पोरगा चढाईला मोठा चपळ. सगळी भिस्त त्याच्यावर. तो चढाईला गेला, समोरच्यांनी पकड केली, आणि त्या रेटारेटीत कोणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तरी पठ्ठ्याने हात लांबवून मध्यरेषा गाठली. गुण मिळाला, हलगी वाजू लागली. पोरगा उठला आणि आपल्या अंगणात यायचे सोडून समोरच्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

लोक खदखदून हसले. हसले नाहीत ते एकटे आमचे मास्तर. त्यांनी पंचांकडे विश्रांतीची वेळ मागितली, पोराला जवळ घेतले, त्याला काहीतरी विचारले आणि खाली बसवले. त्याच्या जागी दुसरा एक किरकोळ अंगाचा पोरगा आत धाडला. पहिला पोरगा रडत होता, “सर, मी खेळतो, मला काय नाय झालं,” म्हणत होता. मास्तरांनी ऐकले नाही. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो.

मग जे व्हायचे ते झाले. “मास्तर, पोरगं काय मेलं होतं का?” एक जण ओरडला. “चार मिनिटं नुसतं उभं राहिलं असतं तरी समोरचे बिचकले असते!” असे दुसरा म्हणाला. सांगायला संकोच वाटतो, पण हा दुसरा आवाज माझा होता. कॉलेजात शिकवणारा, चार पुस्तके वाचलेला माणूस. पण संघ हरला की माणसाचे शिक्षण कुठे जाते कोण जाणे!

त्या रात्री पोराला दोनदा उलटी झाली. शिरूरला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी एक रात्र देखरेखीखाली ठेवले. आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. मास्तरांनी जिंकलेला सामना घालवला, हे गावाचे मत मात्र पुढे बरेच दिवस तसेच राहिले.

या गोष्टीनंतर मी बदली गड्याचे नियम जरा लक्ष देऊन वाचू लागलो. आपल्या कबड्डीचाच नियम पाहा. संघात बारा जण, मैदानात सात, राखीव पाच. प्रत्येक सत्रात संघाला तीस-तीस सेकंदांच्या दोन विश्रांती मिळतात. त्या वेळात किंवा मध्यंतरात पंचांच्या परवानगीने राखीव गडी आत येऊ शकतो. बाहेर काढलेला पुन्हा आतही येऊ शकतो. पण बाद झालेल्याच्या जागी कोणी येत नाही. आपले तीनच गडी उरले आणि पाच राखीव कडेला बसले असले, तरी ते पाच बसूनच राहणार. बघणाऱ्यांना हे फार झोंबते. “पाच पोरं रिकामी बसलीत, घाला की एखादं आत!” अशी हाकाटी प्रत्येक मैदानावर ऐकू येते. पण विचार करा, तसे घालता आले तर समोरच्याने गडी बाद केला त्याचा उपयोग काय? बाद होणाऱ्याची जागा रिकामी राहणे हेच त्या कबड्डीचे मर्म आहे. समोरचा गडी मारावा तेव्हाच आपला जिवंत व्हावा, म्हणून तर त्या पद्धतीला संजीवनी म्हणतात. जुन्या गामिनीत तर तेवढीही दया नव्हती. सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर गेलेला बाहेरच.

गैरवर्तनाबद्दल पंचांनी काढून टाकला त्याची जागाही रिकामीच राहते. आणि ज्याला इजा झाली त्याच्या जागी मात्र राखीव गडी येतो. दुसऱ्याने बाद केलेला, स्वतःच्या दोषाने गेलेला आणि नशिबाने पडलेला, या तिघांत कबड्डीने असा भेद केला आहे. त्यातही एक सोय अशी की चढाईचा गडी काढून पकडीचा घालणे हा नुसता डावपेच म्हणूनही चालते. त्यामुळे कबड्डीत बदली मिळवण्यासाठी दुखण्याचे सोंग आणायची फारशी गरज पडत नाही.

क्रिकेटचे तसे नाही. तिथे अकरा म्हणजे अकराच. कोणाला इजा झाली तर बाराव्याने येऊन क्षेत्ररक्षण करावे. त्याने फलंदाजी करायची नाही, गोलंदाजी करायची नाही, असा नियम पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १९६२ च्या मार्च महिन्यात भारताचा संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटीची शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसे आपल्या पुण्याचे चंदू बोर्डेही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. त्या सामन्यात त्यांच्या जागी फलंदाजीला कोणी येऊ शकत नव्हते. एका अर्थी ते ठीकच. अशा वेळी धावांचा हिशेब कोण करतो? पण मार बेताचा असतो तेव्हा हिशेब करणारे पुष्कळ असतात. माणूस उभा आहे, बोलतो आहे, हातात बॅट धरतो आहे. मग त्याला बाहेर काढून आपला संघ दहांवर का आणा? अशा विचाराने किती खेळाडू डोके ठणकत असताना खेळत राहिले असतील, त्याची मोजदाद नाही.

पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज सिडनीच्या मैदानावर मानेला चेंडू लागून पडला आणि दोन दिवसांनी गेला. सगळे क्रिकेट हादरले. डोक्याच्या दुखापतीचा विचार नेटाने सुरू झाला आणि १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत नवा नियम आला. डोक्याला मार लागून मेंदूला हिसका बसला असेल, तर त्या खेळाडूच्या जागी दुसरा येईल आणि तो सर्व काही करील, फलंदाजीही आणि गोलंदाजीही. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथला लागला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला. पूर्ण खेळाडू म्हणून कसोटीत बदली आलेला तो पहिला माणूस. त्याने ५९ धावा केल्या.

या नियमात एक अट आहे, आणि आजच्या भाषणाचा सगळा गाभा तिच्यात आहे. बदली यायचा तो सारख्यास सारखा. फलंदाजाच्या जागी फलंदाज, गोलंदाजाच्या जागी गोलंदाज. सारखा कोण, हे सामनाधिकाऱ्याने ठरवायचे. त्याच्या निर्णयावर अपील नाही.

आता आपल्याच जिल्ह्यात या. ३१ जानेवारी २०२५, शुक्रवार, मावळातले गहुंजे, भारत आणि इंग्लंड यांचा वीस षटकांचा सामना. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो पाहिला असेल. भारताची सुरुवात फार वाईट, १२ धावांत तीन गडी गेलेले. मग हार्दिक पंड्या आणि शिवम दुबे या दोघांनी ५३-५३ धावा काढून डाव सावरला आणि धावसंख्या १८१ वर नेली. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू दुबेच्या हेल्मेटवर आदळला. तपासणी झाली, तो खेळत राहिला आणि अखेरच्या चेंडूवर धावबाद झाला. मध्यंतरात त्याचे डोके दुखू लागले असे संघाकडून सांगण्यात आले. त्याच्या जागी हर्षित राणा आला. वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातले त्याचे हे पदार्पण. त्याने चार षटकांत ३३ धावा देऊन तीन गडी बाद केले आणि भारत १५ धावांनी जिंकला. मालिकाही जिंकली.

इंग्लंडचे लोक संतापले. दुबे हा मुख्यतः फलंदाज. गोलंदाजी करतो ती मध्यम गतीची, आणि तीही अधूनमधून. राणा हा चांगला वेगवान गोलंदाज. फलंदाजीचा डाव आटोपल्यावर फलंदाजाच्या जागी गोलंदाज मिळाला, म्हणजे भारत बारा जणांनिशी खेळला, असे त्यांचे म्हणणे. कर्णधार जॉस बटलरने सामन्यानंतर स्पष्ट सांगितले की हा बदल सारख्यास सारखा नव्हता आणि आम्हाला कोणी विचारले नाही. आपण हरलो त्याचे सगळे कारण हेच नव्हे, एवढे मात्र त्याने प्रामाणिकपणे मान्य केले. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर या तक्रारीची चेष्टा चालली होती. “हरले की नियम आठवतो,” असे एक जण म्हणाला. मला आमच्या मास्तरांवर ओरडणारी गर्दी आठवली. आम्हीही हरल्यावरच ओरडलो होतो.

माझे मत विचाराल तर नियम मोडला गेला असे मी म्हणणार नाही. ज्याला ठरवायचा अधिकार होता त्याने ठरवले. पण सारख्याला सारखा मिळाला, असेही माझी जीभ म्हणत नाही. त्या मालिकेच्या चमूत रमणदीप सिंग होता. फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी, दुबेच्याच जातीचा. शंका नको होती तर त्याला उतरवता आले असते. (गंमत अशी की ‘इम्पॅक्ट प्लेअर’च्या नियमामुळे दुबेसारख्यांना गोलंदाजी करायलाच मिळत नाही, अशी तक्रार रोहित शर्माने २०२४ साली केली होती. बाराव्याने येऊन गोलंदाजी करायची, आणि दुब्याने फलंदाजी करून बसायचे! मग अशा माणसाला ‘सारखा’ तरी कोण म्हणायचा?)

हे पहिल्यांदाच झाले असेही नाही. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला मिचेल स्टार्कचा चेंडू लागला. जडेजाने नाबाद ४४ धावा केल्या होत्या, आणि त्याचा पायही दुखावलेला दिसत होता. त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला, त्याने तीन गडी बाद केले आणि सामनावीर झाला. भारत ११ धावांनी जिंकला. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जस्टिन लँगर सामनाधिकारी डेव्हिड बून यांच्याशी तावातावाने बोलताना सगळ्यांनी पाहिले. फिरकीच्या जागी फिरकी आली होती, तेव्हा तिथे अट बरीचशी पाळली गेली होती. तरी शंका आलीच. पाय दुखला की डोके?

आता त्याच ऑस्ट्रेलियाचा घरातला अनुभव ऐका. तिथे त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. लंबवर्तुळाकार मोठे मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा गडी, चेंडूही लांबट. धावपळ एवढी की खेळाडू बाकावर येतात, दम खातात आणि पुन्हा आत जातात. १९७८ पासून तशी अदलाबदल चालू आहे. २०१४ पासून अशा अदलाबदलींवर मर्यादाही घातली गेली. पण एखाद्या संघाचा एक गडी सुरुवातीलाच जायबंदी झाला, तर त्याच्याकडे दम खाणारे गडी कमी पडतात. म्हणून २०११ ते २०१५ या काळात एक बदली खेळाडू देऊन पाहिला. तो हिरवे जाकीट घालून बसायचा, आणि ज्याला तो बदलायचा त्याला लाल जाकीट मिळायचे. पुढे ते सोडून दिले. मग २०२१ मध्ये केवळ वैद्यकीय कारणासाठी एक बदली ठेवला. संघाच्या डॉक्टरांनी सांगायचे की हा आज खेळू शकत नाही आणि पुढचे बारा दिवसही खेळू शकेल असे वाटत नाही. झाले काय? थकलेला, नीट न खेळणारा गडीच नेमका आजारी पडतो अशी कुजबुज सुरू झाली. बदललेले काही जण पुढच्याच सामन्यात हजर! तेव्हा २०२३ मध्ये दुखापतीची अटच काढून टाकली. बदली वाटेल त्या कारणासाठी करा, असे सांगितले.

मंडळी, या सगळ्यात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डोक्याला मार लागलेल्याला बाहेर काढायचे की नाही, हा प्रश्न डॉक्टरचा आहे. पण त्याच्या जागी येणारा जर त्याच्याहून फार दुबळा असेल, तर काढणाऱ्याचा हात अडखळतो. आणि जर तो त्या वेळी अधिक उपयोगाचा असेल, तर काढणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका येते. दोन्हीकडून मरण त्या मार लागलेल्याचेच. पहिल्या वेळी त्याला आजारी असून खेळावे लागते. दुसऱ्या वेळी त्याचे खरे दुखणेही लोकांना सोंग वाटते. त्या रात्री दुबेचे डोके खरोखर दुखत असेल. पण निम्मे जग त्याच्या डोक्याबद्दल बोलतच नव्हते, राणाच्या गोलंदाजीबद्दल बोलत होते. सारख्यास सारखा ही अट म्हणून महत्त्वाची. बदलामुळे संघाचा फायदाही नाही आणि तोटाही नाही, असे झाले तरच डॉक्टरला धावफलकाकडे न बघता नुसते रोग्याकडे बघता येते.

गहुंजेच्या सामन्यानंतर काही महिन्यांतच, २०२५ च्या मध्याला, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नियम अधिक घट्ट केला. आता सामन्याआधीच पाच नावे द्यावी लागतात: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान गोलंदाज, एक फिरकी गोलंदाज आणि एक अष्टपैलू. कोणाला मार लागला तर यादीतला त्याच प्रकारचा गडी यायचा. आणि ज्याला मेंदूचा हिसका बसला असे ठरले, त्याने निदान सात दिवस खेळायचे नाही. साधीच युक्ती आहे. सामना सुरू होण्याआधी कोणाला मार लागणार हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्या वेळी केलेली यादी प्रामाणिक असते. वाद पुरते मिटतील असे नाही. अष्टपैलूंत दुबे कोणता आणि राणा कोणता, हे भांडण उरेलच. पण मध्यंतराच्या घाईत ‘सारखा कोण’ हे शोधत बसण्याची पाळी येत नाही.

हे सगळे मोठ्या मैदानांवरचे. तिथे डॉक्टर असतात, कॅमेरे असतात, सामनाधिकारी असतो. आपल्या गावच्या मैदानावर पंच, डॉक्टर आणि सामनाधिकारी हे सगळे एकाच मास्तरांच्या सदऱ्यात असतात! म्हणून शिक्षक मंडळींसाठी दोन शब्द.

सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना समोर बसवून हे बोलून घ्यावे, आणि कागदावर लिहून घ्यावे. टेनिस बॉलचे क्रिकेट असेल तर डोक्याला लागलेल्या पोराच्या जागी कोणता पोरगा येईल आणि त्याला फलंदाजी-गोलंदाजी करू देणार की नाही, हे नाणेफेकीच्या आधी ठरवावे. मी तर म्हणेन, करू द्यावी. समोरच्या कर्णधाराने नाव मान्य केले की पुढे आरडाओरड करायला त्याला तोंड राहत नाही. आणि पोराला बाहेर काढायचे ठरवताना त्याला स्वतःला विचारू नये. तो खेळतोच म्हणणार. आमचा पोरगा रडत होता तसा रडणार.

खुणा ओळखायला फार विद्या लागत नाही. पोर गोंधळलेले दिसते, कोणाशी सामना आहे हे आठवत नाही, चालताना झोक जातो, प्रकाश सहन होत नाही, डोके दुखते, मळमळते. यातले एक जरी दिसले तरी त्या दिवशी ते पोर पुन्हा मैदानात जाणार नाही. गुण किती आहेत ते विचारायचे नाही. त्याला एकटे घरी पाठवू नये. आईबापांना सांगावे. उलट्या होऊ लागल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, झटका आला, एक हात-पाय लुळा वाटला किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. पोर बेशुद्ध पडले असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर त्याला उगाच उचलाउचल करू नये. आपल्याकडे पाणी मारून, कान ओढून, “ऊठ, मर्दाचा बच्चा ना तू!” म्हणून उभे करायची रीत आहे, ती सोडावी.

त्या सामन्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी मास्तरांना गाठले. महागणपतीच्या देवळाबाहेर भेटले. त्या दिवशी तुमच्यावर ओरडणाऱ्यांत मीही होतो, असे सांगितले. मास्तर म्हणाले, “माहीत आहे. तुमचा आवाज ओळखीचा आहे.” मग मी विचारले, तुम्ही त्या पोराला जवळ घेऊन काय विचारलेत? ते म्हणाले, “गुण किती झाले ते विचारलं. सर, सामना केव्हा सुरू होणार, असं त्यानं मला विचारलं.”